माझ्या हाताकडे बघा

त्या शनिवारी त्याला स्वतःच्याच गिटारच्या क्लासला पोचायला सात मिनिटं उशीर झाला. आता सात मिनिटांनी काही आभाळ कोसळत नाही, पण ज्याला स्टुडिओतली सगळी मंडळी गेली वीस वर्षं ‘घड्याळ’ म्हणून हाक मारतात त्याच्या बाबतीत ही बातमीच होती. बस मध्येच बंद पडली, पुढचे दोन थांबे तो चालत आला, जिना चढताना धाप लागली, आणि क्लासच्या काचेच्या दारापाशी येऊन त्यानं दांड्याला हात घातला. आत मंडळी त्याच्यासाठी खोळंबली नव्हती. त्याची मुलगी पुढच्या खुर्चीवर बसून सगळ्यांकडून बोटं गरम करण्याचा धडा वाजवून घेत होती. तिला घरात खारू म्हणत, लहानपणी पेन्सिली कुरतडायची म्हणून. तिच्यासमोर आठ जण अर्धवर्तुळात, मांडीवर गिटार घेऊन. काच जाड होती, आवाज जेमतेम बाहेर येत होता, आणि आवाज नसला की माणूस नुसता बघतो, तसा तो बघत राहिला. नऊ उजवे हात होते. नऊही हातांचा अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट तारांवर, आणि त्याच्या शेजारचं, अंगठी घालतात ते बोट, तळहातात घट्ट मुडपून घेतलेलं. दातांच्या डॉक्टरांचं तसंच, बँकेतल्या बाईंचं तसंच, त्या दोघा जुळ्या भावांचं तसंच, आणि खारूचंही तसंच. एकाचंही बोट उघडं नव्हतं.  त्यानं दांड्यावरचा हात काढला आणि मागे वळून तो जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला.

ते बोट त्याचं होतं. सहा वर्षांपूर्वी एका साबणाच्या जाहिरातीसाठी वाजवताना ते पहिल्यांदा वळलं होतं. अगदी सोपा तुकडा होता, झोपेत वाजवावा असा. चौथ्या आवर्तनाला अंगठीचं बोट तारेकडे निघालं आणि वाटेत विचार बदलल्यासारखं आत वळून तळहातात जाऊन बसलं. दुखलं नाही, मुंग्या आल्या नाहीत, काहीच नाही. आतून कुणी तरी हलकेच ओढून घ्यावं, तेवढंच. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, ‘‘घड्याळ बंद पडलं वाटतं.’’ सगळे हसले, तोही हसला, आणि दुसऱ्यांदा त्यानं तोच तुकडा मधल्या बोटानं निभावून नेला. घरी येऊन त्यानं शर्टाची बटणं काढली, तेव्हा बोट सरळ होतं. दाढी करताना सरळ, कुलूप उघडताना सरळ, बायकोच्या गळ्यातल्या साखळीचा फासा अडकवताना तर इतकं शहाण्यासारखं वागलं की त्याला वाटलं, आपल्यालाच भास झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं गिटार हातात घेतली. बोट तारेपाशी गेलं आणि वळलं. पुन्हा नेलं, पुन्हा वळलं. पलंगाच्या कडेवर बसून त्यानं ते चाळीसेक वेळा केलं असेल, आणि प्रत्येक वेळी बोटानं तेच केलं. घर रिकामं होतं, दुपारचे दोन वाजले होते, बाहेर कुणी तरी गालिचा झटकत होतं. त्या धपधप आवाजाची त्याला अजून भीती वाटते.

नसांच्या डॉक्टरनं त्याला टेबलावर बोटं वाजवायला लावली, टाचण्या टोचल्या, यंत्राला जोडून कागदावर रेघा काढल्या. मग म्हणाला, ‘‘तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही. डोक्यात जो हात असतो तो बिघडलाय.’’ एकच हालचाल लाखो वेळा केली की डोक्यातल्या दोन बोटांमधली रेघ पुसली जाते, मग एकाला बोलावलं की भलतंच उठतं, असं काहीसं त्यानं समजावलं. वादकांना होतं म्हणाला, लेखनिकांना होतं, आणि जे जास्त मेहनत करतात त्यांना होतं. हे शेवटचं त्यानं कौतुकानं सांगितलं. ‘‘वाजवणं बंद ठेवा.’’ ‘‘किती दिवस?’’ ‘‘मी दिवस म्हणालो नाही,’’ डॉक्टर म्हणाला. बाहेर पडल्यावर त्याला आपल्या म्हाताऱ्या गुरूची आठवण झाली आणि, खोटं कशाला बोला, आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचा राग आला. दोनशे वेळा, म्हातारा म्हणायचा. एक तुकडा दोनशे वेळा, चुकला की पुन्हा एकपासून. हा बिचारा एकशे नव्वदवर चुकला तर खरंच पुन्हा एकपासून मोजायचा. बाकीची पोरं खोटं मोजायची. ती पोरं आज कुठे कुठे आहेत, कुणी विमा विकतो, कुणाचं बुटांचं दुकान आहे, आणि सगळ्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. प्रामाणिकपणाची ही अशी परतफेड मिळेल हे कुणी सांगितलं असतं तर त्यानंही खोटंच मोजलं असतं.

पण तो टिकला होता, आणि टिकण्याचंच तर त्याचं नाव होतं. अजूनही एखाद्या कॉलेजात त्याला बोलावतात आणि वादक म्हणून आयुष्यभर टिकून कसं राहायचं यावर तास-दीड तास बोलायला लावतात. तो बोलतोही छान. वेळेवर जा. आधी दहा मिनिटं जा. लिहिलेलं वाचायला शिका, कानावर विसंबू नका. कुठलंच काम हलकं समजू नका, हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर वाजवलेलं आणि सभागृहात वाजवलेलं एकाच हातानं वाजवायचं असतं. चार ठिकाणांहून थोडं थोडं येऊ द्या, म्हणजे एक ठिकाण आटलं तर तीन असतात. नखं जपा. भांडू नका. पोरं लिहून घेतात. हे सगळं खरं होतं, त्यानं स्वतः ते तसंच केलं होतं, एकेक वीट ठेवत. अठराव्या वर्षी एका नाचाच्या शाळेत साथ, मग हॉटेल, मग कुणाकुणाच्या मागे उभं राहून दौरे, मग स्टुडिओत कुणी आजारी पडलं म्हणून एकदा गेला तो तिथलाच झाला. बायकोची सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी होती म्हणून पहिली नऊ वर्षं घर उभं राहिलं, हे तो भाषणात सांगत नसे. आणि गेल्या सहा वर्षांत हेही सांगत नसे की हे सगळं नीट रचल्यावरसुद्धा एक बोट वळतं आणि माणूस बसतो बोंबलत.

त्यानं कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा ‘हात जरा अवघडलाय’ एवढंच. या धंद्यात बातमी कशी फिरते ते त्याला ठाऊक होतं. एका व्हायोलिनवाल्याचा खांदा दुखतो म्हणाले, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला फोन यायचे थांबले, आणि फोन बंद झाले म्हणून खांदा बरा झाला तरी कुणाला कळलं नाही. तेव्हा त्यानं ठरवलं, बोटाशिवाय वाजवायचं. दुपारी बायको कामावर आणि खारू शाळेत गेली की तो आतल्या खोलीत बसे आणि वीस वर्षांत जे जे शिकला ते सगळं अंगठा आणि दोन बोटांत नव्यानं बसवे. तीन बोटांचं काम दोघांनी करायचं म्हणजे काय हे गिटार न वाजवणाऱ्याला सांगून कळायचं नाही. घरातलं एक माणूस अंथरुणाला खिळलं आणि बाकीच्या दोघांनी पाहुण्यांना पत्ता न लागू देता घर चालवलं, असं काहीसं समजा. आठ महिने लागले. जिथे बसलंच नाही तिथे त्यानं सूर गाळला. ट्रेमोलो, म्हणजे एकाच तारेवर तीन बोटं इतकी भराभर फिरवायची की सुटे सूर न वाटता एकच लांबलचक सूर वाटावा, ते तर सोडूनच दिलं, आणि कुणी विचारलं तर म्हणू लागला, ‘‘ती सर्कस झाली, संगीत नव्हे.’’ या सगळ्यात त्याला सर्वांत जास्त काय लागलं असेल तर हे, की कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. उलट एक संगीत दिग्दर्शक एकदा पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘‘हल्ली तुझा हात गोड झालाय रे.’’ त्या दिवशी स्टुडिओच्या स्वच्छतागृहात नळ सोडून तो रडला होता.

स्टुडिओचं काम तसंही आटत चाललं होतं, मग क्लास वाढवला. पायरीवर बसल्या बसल्या आता त्याला आठवत होतं ते तिथलंच. शिकवण्याची त्याची एकच पद्धत. तो बोलत नसे. म्हाताराही बोलत नसे. समोर बसायचं, वाजवायचं आणि म्हणायचं, ‘‘माझ्या हाताकडे बघा.’’ दहा वर्षं तो हेच म्हणत आला आणि माणसं खरंच बघत आली, डोळे फाडून, मान वाकडी करून. दोन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं. पन्नाशीचा, नाकासमोर चालणारा माणूस, जे करायचं ते नीट करायचं या स्वभावाचा. ‘‘सर, हे बोट असं आत दाबून धरायचं का? म्हणजे जोर लावायचा की नुसतं ठेवायचं?’’ सगळ्यांनी माना वर केल्या होत्या. खारूनंही. क्षणभर त्याला वाटलं होतं की आता सांगून टाकावं, हा हात आजारी आहे, याच्याकडे बघू नका. अगदी जिभेवर आलं होतं. आणि मग तो हसून म्हणाला होता, ‘‘त्याचा विचार करू नका. हळूहळू आपोआप येतं.’’ डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं. त्याला वाटलं, संपलं. पुढे ते एकमेकांत त्याला ‘सरांची घडी’ म्हणायला लागले, सरांच्या गोड आवाजाचं मर्म त्या घडीतच आहे असं नव्या माणसाला सांगायला लागले, आणि त्यानं कानाडोळा केला. कानाडोळा करताना माणूस काही वाईट करतोय असं त्याला वाटतच नाही, फक्त दुसरीकडे बघतोय एवढंच वाटतं.

आणि आज तीन वाजता खारूची परीक्षा होती. संगीत अकादमीत गिटारला या वर्षी एकच जागा होती, पाच वर्षांचा अभ्यासक्रम, राहणं-शिकणं सगळं अकादमीचं, आणि बाहेर पडलेल्या माणसाला वाद्यवृंदात खुर्ची ठरलेली. खुर्ची म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार, रजा, म्हातारपणी निवृत्तिवेतन. आपण चार ठिकाणांहून थोडं थोडं जमवत जे उभं केलं आणि जे एका बोटानं पाडलं, ते तिला एकाच दारातून मिळेल, असं तो गेली तीन वर्षं मनात घोळवत होता. वयाची अट अठरा होती, खारूला पुढच्या महिन्यात अठरा पुरी होत होती. म्हणजे आज नाही तर नाहीच. तीन वर्षं तो तिच्यासमोर बसून वाजवत होता आणि तिचे सूर ऐकत होता. सूर नितळ होते, लय पक्की होती, कान तर त्याच्यापेक्षा तिखट. तिच्या हाताकडे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. स्वतःच्या हाताकडे बघायचं नाही ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की तो कुणाच्याच हाताकडे बघत नसे. काचेनं आवाज अडवला नसता तर आजही बघितलं नसतं.

शेवटी तो उठून आत गेला. ‘‘उशीर झाला, बस बंद पडली,’’ म्हणाला, आणि बँकेतल्या बाई म्हणाल्या, ‘‘सर, आज पेपरात येईल.’’ तो खुर्चीवर बसला. गिटार पिशवीतून काढलीच नाही. ‘‘आज,’’ तो म्हणाला, ‘‘आज जरा उजवा हात मोकळा सोडून बघू. सगळी बोटं. ते एक बोट आत घेऊ नका.’’ आठ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आज्ञाधारक मंडळी ती, बोटं उघडली आणि वाजवायला लागली. काय सांगायचं, ऐकवेना. उघडं बोट कुठे ठेवायचं हेच कुणाला कळत नव्हतं. बाईंचं ते हवेत ताठ उभं राहिलं, जुळ्यांपैकी एकाचं तारेत अडकलं. डॉक्टर थांबले. ‘‘सर, असं नाही होत. तुमच्यासारखं येत नाही.’’ ‘‘माझ्यासारखं कशाला यायला हवं?’’ हे जरा जोरातच निघालं. डॉक्टर ओशाळून म्हणाले, ‘‘नाही, म्हणजे, त्यासाठीच येतो ना आम्ही.’’  खारू त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. हात त्याच्या मांडीवर होता, पाचही बोटं सरळ, अगदी निरोगी. त्यानं तो खिशात घातला आणि म्हणाला, ‘‘ठीक आहे, राहू दे. मागचा धडा घेऊ.’’ मुडपलेल्या बोटांनी मागचा धडा सुरेख वाजला.

दुपारी दोघं अकादमीच्या मागच्या बाजूला, जिथे कर्मचाऱ्यांच्या सायकली लावतात तिथल्या कट्ट्यावर बसून डबा खात होती. उन्हात सायकलींच्या सीटा तापल्या होत्या आणि वरच्या कुठल्या तरी खिडकीतून कुणी तरी एकच सप्तक वर-खाली वाजवत होतं. बायकोनं डब्याबरोबर चिठ्ठी ठेवली होती, ‘दोघांनी भांडू नका, पाणी प्या.’ खारूनं ती वाचून दप्तरात ठेवली. सकाळपासून त्यानं मनात वाक्यं जुळवली होती. पहिलं वाक्य साधं होतं, खारू, माझ्या हाताला सहा वर्षांपूर्वी एक आजार झाला. त्याच्यापुढे सगळं घरंगळत आलं असतं. पण परीक्षेला दीड तास असताना पोरीला हे सांगायचं म्हणजे तिच्या हातातलं होतं तेही काढून घ्यायचं, आणि नाही सांगायचं म्हणजे तिला तसंच आत पाठवायचं.  ‘‘खारू,’’ तो म्हणाला, ‘‘तुझं ते बोट.’’ ती डबा पुसत होती. ‘‘तिसरा तुकडा ना? तो तीन बोटांचा लिहिलाय, माहितीय मला. मी दोनात बसवलाय. तू बसवतोस तसाच. चालतो की वेगात.’’ ‘‘तसं नाही. मी जे...’’ तिनं वर बघितलं. तिचे डोळे आईसारखे, समोरच्याला पूर्ण ऐकून घेणारे. ‘‘बाबा, आत्ता काही सांगू नकोस. प्लीज. माझे हात आत्ताच गार पडलेत. काय सांगायचं ते बाहेर आल्यावर सांग.’’ ‘‘बरं,’’ तो म्हणाला. आणि त्याला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की त्यानं उरलेला घास चवीनं खाल्ला, आणि मग, घास गिळल्यावर, त्याला स्वतःची किळस आली. पोरीला भीती वाटतेय म्हणून आपण गप्प बसलो असं म्हणायची सोय तिनं करून दिली होती आणि त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली होती.

वरच्या मजल्यावर लांब बोळ होता, दोन्ही कडांना बाकं, शेवटी जाड गादी लावलेलं दार. बाकांवर पोरं, त्यांचे आईबाप, एक आजोबा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. समोरच्या बाकावर एक मुलगी गिटारच्या तारांना न लावता हवेतच बोटं फिरवत होती आणि तो तिच्या हाताकडे बघत राहिला. अंगठीचं बोट बाकीच्यांबरोबर सहज उघडत-मिटत होतं, त्यात काही विशेष आहे असं तिच्या गावीही नव्हतं. त्याच्याही गावी नव्हतं एके काळी. तसं बोट वापरताना आतून कसं वाटतं हे त्यानं आठवून पाहिलं, पण आठवेना. गुळगुळीत वाटायचं बहुतेक. खारूचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, गिटार उराशी धरून आत गेली, मागे वळून पाहिलं नाही. दार लागलं. गादीचं दार असलं तरी खालच्या फटीतून आवाज येत होता, आणि तो मुद्दाम बाकाच्या त्या टोकाला सरकला.

पहिला तुकडा झाला. दुसरा झाला. दुसऱ्यात तिनं एके ठिकाणी सूर असा काही हळूच सोडला की शेजारच्या आजोबांनी मान हलवली. ते हलवणं त्याच्या काळजात शिरलं, क्षणभर त्याला वाटलं, चालून जाईल. इतकी वर्षं आपलं चाललंच की. कुणाच्या लक्षात आलं? मग तिसरा सुरू झाला. त्यात प्रत्येक चौथा सूर अंगठीच्या बोटाचा, आणि तिच्याकडे तो मधल्या बोटानं परत येऊन वाजायचा. इतरांना नसता कळला, त्याला प्रत्येक वेळी ऐकू येत होता, केसाएवढा उशिरा, कुणी तरी लंगडत चालावं पण लंगडणं लपवावं तसा. ही लंगड त्याची स्वतःची होती. आठ महिने आतल्या खोलीत बसून त्यानंच ती घडवली होती, आणि आता ती एका निरोगी पोरीच्या हातून वाजत होती. तुकडा मध्येच थांबला. आतून बाईचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. मग एक अगदी साधा धडा, पहिल्या वर्षाची पोरं वाजवतात तो, तीन बोटं तीन तारांवर, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. खारूनं सुरू केला आणि ती अडखळली. पुन्हा सुरू केला. पुन्हा अडखळली. तिसऱ्यांदा फार सावकाश केला, इतका सावकाश की एकेक सूर सुटा पडला, आणि तिसरा सूर आलाच नाही. त्यानंतर बराच वेळ नुसतं बोलणं चाललं. शेजारचे आजोबा आपल्या नातवाला म्हणाले, ‘‘तू घाबरू नकोस, तुझं आहे तयार.’’ तो मान खाली घालून फरशीवरचे ठिपके बघत बसला.

दार उघडून आधी परीक्षक बाई आल्या. साठीच्या, बारीक कापलेले पांढरे केस, हातात चष्मा. त्यांच्या मागे खारू, गिटार पिशवीत घातलेली. रडलेली नव्हती. ‘‘तुम्ही हिचे वडील का?’’ बाईंनी विचारलं. तो उभा राहिला. ‘‘हो.’’ ‘‘मी असं बाहेर येऊन कुणाशी बोलत नाही. पण राहवलं नाही.’’ त्यांनी त्याला जरा बाजूला, खिडकीपाशी घेतलं. ‘‘हिचा कान फार तयार आहे. आज ऐकलेल्यांत सगळ्यांत तयार. पण जागा मी हिला देऊ शकत नाही. हिचा हात बघितलाय तुम्ही? असा हात मी आधी एकदाच पाहिला होता, तो माणूस आजारी होता. मी घाबरले, हिचं बोट हातात घेऊन पाहिलं. ठणठणीत आहे. हिला आजार नाही, हिला तसं शिकवलंय.’’ त्यांचा आवाज चढला नव्हता. ‘‘हे मोडायला तीन वर्षं तरी जातील. आणि तोवर आमच्याकडे वय निघून जातं. मी हिला विचारलं, कोण शिकवतं तुला? तर ही म्हणते, बाबा बाहेर आहेत, ते सांगतील.’’

त्यानं खारूकडे बघितलं. ती दोन पावलांवर उभी होती, पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा करत, आणि त्याच्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती. बोलायचं म्हणजे एकच अक्षर होतं, ‘मी’. एवढंसं अक्षर बोलायला माणसाला काय लागतं, ओठ मिटायचे आणि उघडायचे. त्याला स्टुडिओ दिसला, कॉलेजातली लिहून घेणारी पोरं दिसली, दातांच्या डॉक्टरांची वही दिसली, आणि या बाई संध्याकाळी घरी जाऊन कुणाला तरी फोनवर सांगतायत, मग तो कुणी दुसऱ्याला सांगतोय, हे सगळं इतकं भराभर दिसलं की मधे श्वास घ्यायला जागा नव्हती. ‘‘आहेत एक जण,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्या भागातले.’’ ‘‘त्यांना भेटा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘माझं नाव सांगा हवं तर. म्हणावं, अजून किती मुलांना असं शिकवताय? आणि म्हणावं, थांबवा.’’ ‘‘सांगतो मी त्यांना,’’ तो म्हणाला. बाईंनी खारूच्या डोक्यावर हात ठेवला, तो तसाच थोडा वेळ राहू दिला, आणि पुढचं नाव पुकारत त्या आत गेल्या. आजोबांचा नातू उठला.

जिना उतरताना दोघं एकमेकांच्या पुढे-मागे होती, शेजारी नव्हती. वरून त्या नातवाचं वाजवणं ऐकू यायला लागलं, बरं वाजवत होता. खाली व्हरांड्यात सूचनाफलकापाशी तो थांबला आणि म्हणाला, ‘‘खारू, मला तुला सांगायचं होतं. सकाळीच सांगणार होतो.’’ त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. तीही थांबली. गेटाबाहेर बस येऊन उभी राहिली होती, माणसं चढत होती, पण तिनं घाई केली नाही. तिनं पिशवी एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर घेतली. तो ती घ्यायला पुढे झाला, तर तिनं नको म्हणून मान हलवली.

‘‘मला नको सांगूस आता,’’ ती म्हणाली. ‘‘क्लासमधल्या त्या आठ जणांना मात्र आजच सांग, बाबा. सोमवारी सकाळी परत क्लास आहे.’’

आणि ती बसकडे चालायला लागली.